आस्त्रुपची रात्र, हळदूच्या फळीवर

ज्वारी कापून पेंढ्या एकमेकींना टेकवून वावरात उभ्या केल्या, की चांदण्या रात्री त्या पेंढ्या राहत नाहीत. कोणी घोंगडं पांघरून बसल्यासारखं दिसतं, कोणी वाकून काही शोधतंय असं वाटतं. सोयाबीननं ज्वारी मागे सारली तसं हे दृश्य विदर्भात कमी होत गेलं, पण ज्यांनी ते पाहिलंय त्यांना नॉर्वेचा चित्रकार निकोलाई आस्त्रुप याची धान्याच्या खांबांची चित्रं समजावून सांगावी लागणार नाहीत. नॉर्वेच्या पश्चिम भागात पाऊस इतका, की कापलेलं पीक जमिनीवर ठेवलं तर कुजायचं. म्हणून तिथले शेतकरी वावरात उंच खांब रोवून त्यांवर पेंढ्या एकावर एक चढवत आणि वाऱ्यावर वाळवत. आस्त्रुपनं या खांबांवर चंद्राचा उजेड असा टाकलाय की पाहता पाहता त्यांची ट्रोलांची रांग होते. ट्रोल म्हणजे तिकडच्या लोककथांमधले डोंगरात राहणारे राक्षस.

आस्त्रुप चित्रकार होता आणि तेवढ्याच ताकदीचा मुद्राचित्रकारही. लाकडी फळीवर चित्र कोरायचं, उरलेल्या उंच भागाला शाई लावायची आणि कागदावर छाप घ्यायचा, म्हणजे वुडकट, हे त्याचं काम. नॉर्वेचा दुसरा मोठा वुडकटकार एडवर्ड मुंक. एकच फळी करवतीनं तुकडे करून, प्रत्येक तुकड्याला वेगळा रंग लावून, ते पुन्हा जोडून एका दाबात छापण्याची त्याची युक्ती जगभर गाजली. आस्त्रुपचं नाव त्यामानानं मागे राहिलं. २०१६ मध्ये लंडनच्या डलिच पिक्चर गॅलरीत आणि २०२१ मध्ये अमेरिकेतल्या क्लार्क आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये त्याची मोठी प्रदर्शनं झाली, तेव्हा कुठे बाहेरच्या जगाला तो नीट कळू लागला. खेड्यात राहून चित्रं काढणाऱ्यासाठी मात्र आस्त्रुप मुंकपेक्षा जवळचा आहे, असं ठामपणे म्हणता येतं.

त्याचा जन्म ३० ऑगस्ट १८८० चा, समुद्राकाठच्या ब्रेमांगरमधला. वडील क्रिस्तियन हे लुथेरन पंथाचे पाद्री. १८८३ मध्ये कुटुंब योल्स्टर खोऱ्यातल्या ओल्हुस गावी आलं आणि तळ्याकाठच्या जुन्या, ओलसर पाद्रीनिवासात राहू लागलं. निकोलाई १४ भावंडांत थोरला. लहानपणापासून दमा, पुढे क्षय. वडिलांना वाटे पोरानं पाद्री व्हावं. त्याचं लक्ष खिडकीबाहेर. २३ जूनच्या रात्री गावोगाव होळीसारखे मोठे जाळ पेटत. लोक त्याभोवती नाचत, गात. पाद्र्याच्या घरात ही जुनी, ख्रिस्ती धर्माच्या आधीची चाल समजली जाई, त्यामुळे मुलांना तिथं जायला मनाई होती. लांबून पाहिलेला तो जाळ आस्त्रुपनं मोठेपणी पुन्हा पुन्हा रंगवला. या चित्रांत पाहणाऱ्याची जागा बहुतेक वेळा जाळापासून दूर, धुरापलीकडे असते, हे लक्षात ठेवून ती पाहावीत.

१८९९ मध्ये तो ख्रिस्तियानियाला, म्हणजे आजच्या ओस्लोला गेला आणि हॅरिएट बाकर यांच्या चित्रशाळेत शिकला. १९०१ मध्ये जर्मनीमार्गे पॅरिस, तिथं कोलारोसी अकादमीत क्रिस्तियन क्रोग यांच्याकडे थोडा काळ. १९०२ मध्ये परत योल्स्टर. पॅरिसमध्ये राहता आलं असतं, राजधानीत तर नक्कीच. तो खोऱ्यात आला आणि काही प्रवास सोडले तर तिथंच राहिला. १९०५ मध्ये राजधानीत पहिलं स्वतंत्र प्रदर्शन झालं आणि नाव झालं. १९०७ मध्ये एंगेल सुंदेशी लग्न झालं. ती शेतकऱ्याची मुलगी, तेव्हा १५ वर्षांची. १९१२ मध्ये त्यांनी तळ्याच्या दक्षिण काठावर सांदालस्ट्रांड नावाची जागा घेतली आणि पुढच्या वर्षी तिथं राहायला गेले.

ही जागा म्हणजे उत्तरेकडे उतरणारा खडा उतार. ऊन कमी, माती पातळ, दगड भरपूर. आपल्याकडे मेळघाटात किंवा सातपुड्याच्या पायथ्याशी उतारावर दगडी बांध घालून माती अडवतात, तसे आस्त्रुपनं दगड रचून टप्पे केले. जुनी लाकडी घरं आणून उभी केली, त्यांच्या छपरांवर गवताची माती. फळझाडं, बेरी, भाजीपाला, आणि अनेक जातींचा रुबार्ब. रुबार्बची पानं अळूसारखी मोठी, देठ लालसर आणि आंबट. त्या देठांपासून वाइनही केली जाई. 'रुबार्ब' हे त्याचं चित्र पाहताना ती पानं किती जाड, किती ओली आणि किती गुर्मीत पसरलीत हे बघावं. ज्यानं वाफा स्वतः खणला नाही त्याला ती तशी दिसणार नाहीत. एंगेल आठ मुलं सांभाळून शेत बघायची आणि लाकडी ठशांनी कापड छापायची. तिचं ते काम नवऱ्याच्या मृत्यूनंतर अधिक नावारूपाला आलं. आस्त्रुप २१ जानेवारी १९२८ रोजी न्यूमोनियानं गेला, वय ४७. सांदालस्ट्रांड आज 'आस्त्रुपतुनेत' या नावानं संग्रहालय आहे.

आता ठशांकडे, म्हणजे छापासाठी कोरलेल्या फळ्यांकडे. मन रमतं ते इथंच.

आस्त्रुपनं जपानी छापचित्रं बारकाईनं पाहिली होती, होकुसाई आणि हिरोशिगे यांची चित्रं त्याच्या आवडीची. प्रत्येक रंगाला वेगळा ठसा, हे तंत्र त्यानं तिथूनच घेतलं. पण जपानी छपाईत पाण्यात कालवलेला रंग आणि तांदळाची खळ असते, तो कागदात मुरतो आणि पातळ, पारदर्शक दिसतो. आस्त्रुपनं तेलाचा रंग वापरला. तो कागदावर बसतो, थरावर थर चढतो, खालचा रंग झाकतो किंवा थोडा डोकावू देतो. त्यामुळे त्याचे छाप हातात घेतले की जड वाटतात, पेंटिंगच्या अंगानं जातात. शिवाय छापून झाल्यावर तो ब्रश घेऊन त्यावर काम करायचा. कुठे फूल उजळ, कुठे तळ्यात एक रेघ, कुठे अख्खं आकाश बदललेलं. एकाच ठशांच्या संचातून एक छाप पहाटेचा निघे आणि दुसरा मध्यरात्रीचा. 'दलदलीतल्या पिवळ्या फुलांची रात्र' किंवा 'फॉक्सग्लोव्ह' यांचे दोन वेगवेगळे छाप शेजारी ठेवून पाहिले तर हे लगेच कळतं. एकसारख्या ५० प्रती काढून क्रमांक टाकणं हा त्याचा हेतूच नव्हता.

जूनमध्ये योल्स्टरला रात्र पुरती काळी होत नाही, हेही ध्यानात घ्यावं लागतं. त्याच्या रात्रींत काळा रंग थोडा आणि निळा-हिरवा जास्त, तो यामुळे. आपली चांदणी रात्र वेगळी. तिच्यात राखाडी आणि जांभळट छटा जास्त, आणि हिवाळ्यात धुक्याचा एक पांढुरका थर जमिनीलगत. आस्त्रुपचे रंग उचलू नयेत, पद्धत उचलावी.

ती पद्धत आपल्या गावात करायची तर काय लागतं?

लाकूड आधी. सागवानाचा मोह टाळावा. सागात तेल असतं आणि रेषा मोठ्या असतात, वर त्यातल्या वाळूसारख्या कणांनी पटाशीची धार लवकर जाते. हळदू उत्तम: रंग पिवळसर, पोत बारीक आणि सारखा, कोरताना तुकडे उडत नाहीत. शिवण मऊ आणि वाकत कमी, शिकणाऱ्याला तीच द्यावी. आरा मशीनवर किंवा तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल करणाऱ्या सुताराकडे २० बाय ३० सेंटिमीटरचे, १८ ते २० मिलिमीटर जाडीचे उरलेले तुकडे मिळतात. निदान वर्षभर सावलीत वाळलेलेच घ्यावेत. फळी जमिनीवर टाकून ठेवली आणि वरून ऊन लागलं, तर वरची बाजू आकसते आणि फळी वाटीसारखी होते. अशी फळी टाकून देऊ नका. खोलगट बाजूला ओलं फडकं फिरवा, सपाट जागी पालथी ठेवून वर वजन ठेवा, दोन-तीन दिवसांत बरीच सरळ येते. प्लायवूडवरही काम होतं, पण स्वस्त प्लायचा वरचा थर आडव्या रेषेला भसकन निघतो आणि त्याबरोबर बारीक रेघही जाते.

फळी रंधून घ्या, मग १२० आणि २२० नंबरचा पॉलिशपेपर. लाकडाची रेषा छापात दिसायला हवी असेल तर तारेचा ब्रश रेषेच्या दिशेनं घासा. मऊ भाग खाली जातो, कडक भाग वर राहतो आणि आकाशाला किंवा पाण्याला फुकटात पोत मिळतो. त्यावर चपडा लाखेचा एक पातळ हात. अर्धा लिटर स्पिरिटला ७५ ते १०० ग्रॅम लाख रात्रभर विरघळू द्या. पळसावर वाढणारी ही लाख लाकडाला तेल पिऊ देत नाही, नाहीतर पहिले पाच-सहा छाप फिके आणि डागाळलेलेच येतात. स्पिरिट पेट घेतं, चुलीजवळ हे काम नको.

समजा चित्र आहे पेंढ्यांचं, तीन ठशांत. एक ठसा आकाशाच्या उजेडाचा, दुसरा जमीन आणि सावल्यांचा, तिसरा गडद, ज्यात पेंढ्यांचे आकार आणि रेषा. तिसरा, म्हणजे मुख्य ठसा, सर्वांत आधी कोरायचा. चित्र फळीवर उलटं काढा, डावं उजवीकडे. अक्षरं असतील तर हे विशेष लक्षात ठेवा, कारण चूक कळते तेव्हा फळी कोरून झालेली असते. फळीवर आधी पातळ शाईचा हात फिरवला तर कोरलेला भाग पांढरा उठतो आणि किती झालं ते दिसतं.

कोरताना रेघेच्या दोन्ही बाजू बाहेरच्या दिशेला उतरत्या हव्यात, म्हणजे रेघ वर बारीक, मुळाशी रुंद. वावराच्या धुऱ्यासारखी. आतल्या बाजूला पोखरलं की दोन-चार छापांनंतर रेघ तुटून पडते. रेघेजवळ दोन ते तीन मिलिमीटर खोली पुरे. मोठा मोकळा भाग असेल तर मध्ये चार ते पाच मिलिमीटर खोल जा, नाहीतर रोलर खाली बुडून तिथं शाई लावतो. लाकडाच्या रेषेला आडवी जाणारी रेघ आधी चाकूनं कापून घ्या, मगच पटाशी लावा. टेबलाच्या कडेला एक पट्टी ठोकून फळी तिला टेकवा. दोन्ही हात धारेच्या मागे, हा नियम शाळेतल्या मुलांकडून रोज म्हणून घ्यावा.

दुसऱ्या ठशांवर चित्र तंतोतंत उतरवणं हीच खरी मेख. मुख्य ठशाचा छाप कागदावर घेऊ नका, पारदर्शक प्लास्टिकच्या जाड शीटवर घ्या. ती शाई ओली असतानाच शीट नव्या फळीवर पालथी ठेवून दाबा. रेषा बरोबर त्याच दिशेत उमटतात. हे जमायला तिन्ही फळ्या एकाच मापाच्या हव्यात आणि कागदाची जागा ठरलेली हवी. त्यासाठी एका मोठ्या पाटावर फळी बसेल असा काटकोनी कोपरा पट्ट्यांनी ठोका, आणि त्याच्या बाहेर कागदाच्या एका कोपऱ्यासाठी एक आणि लांब कडेला एक असे दोन थांबे लावा. थांब्यांची उंची फळीइतकीच. कागद नेहमी आधी कोपऱ्यात टेकवायचा, मग कडेला, मग खाली सोडायचा. क्रम बदलला की रंग सरकतो.

शाई छापखान्यातली ऑफसेटची चालते, तालुक्याच्या गावी मिळते. तिचा पाया वाळणाऱ्या तेलाचा. पूर्वापार त्यासाठी जवसाचंच तेल वापरत आलेत. आपल्या काळ्या जमिनीत रब्बीला जवस घेतात, त्याच दाण्यातून आस्त्रुपच्या रंगाचाही धागा निघतो. ट्यूबमधला तेलरंग वापरायचा असेल तर तो आधी वर्तमानपत्रावर तास-दोन तास पसरून ठेवा. जास्तीचं तेल कागद पितो, रंग घट्ट होतो. तसाच लावला तर छापाभोवती तेलकट वर्तुळ पडतं, आणि ते वर्षभरानं अधिक पिवळं होतं.

काचेवर सुपारीएवढी शाई घेऊन रोलर फिरवा. २० बाय ३० च्या फळीला सुरुवातीला एवढी पुरते. रोलर उचलताना चिटचिट असा बारीक आवाज यायला हवा. पचपच आवाज आला तर शाई जास्त, ती रेघांमधल्या फटी भरून टाकणार. फळीवर एकदम जाड थर नको, पातळ थर तीन-चार वेळा, उभा आणि आडवा.

कागद पातळ आणि चिवट हवा. नेपाळी हातकागद चांगला. ड्रॉइंगचा जाड कागद हातानं घासून छापला जात नाही, उगाच मनगट दुखतं. कागद फळीवर बसवला की वर बटर पेपर ठेवून स्टीलच्या चमच्याच्या पाठीनं घासा, मधून कडेकडे, लहान गोलांत. एका छापाला पाच ते दहा मिनिटं जातात. एक कोपरा दाबून धरून दुसरा उचलून बघा. फिकं असेल तिथं पुन्हा घासा, वाटलं तर थोडी शाई लावा. दहा छाप हवे असतील तर चौदा कागद घ्या.

फिका रंग आधी, गडद शेवटी. आणि इथं आस्त्रुपची खुबी आजमावून बघावी: आकाशाच्या ठशावर सपाट रंग लावू नका. वरच्या भागात गडद, क्षितिजाशी फिका, आणि चंद्राजवळची शाई चिंधीनं थोडी पुसून घ्या. पुढच्या छापात वेगळं पुसा. दोन छाप सारखे आले नाहीत तर ते बिघडले असं समजू नका.

एक रंग वाळल्याशिवाय दुसरा चढवायचा नाही. हिवाळ्यात एक-दोन दिवस, पावसाळ्यात चार-पाच दिवसही लागतात. पण फार वेळ सोडलं, दोन-तीन आठवडे, तर खालचा थर काचेसारखा कडक होतो आणि वरची शाई त्यावर नीट बसत नाही, ठिपक्याठिपक्यांनी गोळा होते. मे महिन्यात ४५ अंशांत हे काम करू नये. शाई उष्णतेनं पातळ होते, बारीक रेघा बुजतात. करायचंच तर पहाटे. ऑगस्टमध्ये अडचण कागदाची. हवेतला ओलावा पिऊन तो फुगतो, आणि ३० सेंटिमीटरमध्ये एखादा मिलिमीटर सहज वाढतो. मग कोपरा जुळतो, पण दुसरं टोक जुळत नाही, आणि माणूस उगाच ठशाला दोष देतो. तिन्ही रंग एकाच हंगामात संपवा, कागद त्याच खोलीत प्लास्टिकखाली ठेवा. विदर्भात यासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस सोन्यासारखे.

साफसफाई खाण्याच्या साध्या तेलानं होते, मग साबण. पण जवसाच्या तेलाच्या, शाईच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल वाळताना उष्णता सोडतं आणि चिंध्यांचा गोळा आपोआप पेटू शकतो. घरात कडबा, कापूस, पऱ्हाट्या असताना ही चूक महागात पडेल. चिंध्या पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा, किंवा उघड्यावर एकेक पसरून पूर्ण वाळू द्या.

तिसरा ठसा छापून झाला, छाप दोरीवर चिमट्यांनी लटकवून वाळले, की लगेच सही करू नका. आठवडाभर भिंतीवर लावून रोज संध्याकाळी पाहा. एखाद्या पेंढीची कड चंद्राच्या बाजूला हरवलेली दिसेल, कुठे सावली जमिनीपासून सुटलेली. एक नंबरचा ब्रश, थोडा पांढरा, त्यात कणभर पिवळा. त्या एका पेंढीच्या खांद्यावर एक रेघ.